नाही म्हणायची खुर्ची

रविवारी सकाळी मी माझ्या खोलीतून बाहेर आले की अंगणातल्या दोरीवर प्रवचनं वाळत घातलेली असायची. कपडे वाळत घालायची ती खांबावर छत्रीसारखी गोल फिरणारी दोरी, आणि तिला चिमट्यांनी लटकवलेले शंभराहून जास्त वर्षं जुने कागद. ऑस्ट्रेलियातलं हे टूवूंबा डोंगराच्या कडेवर वसलंय. तिथलं धुकं दारं-खिडक्या लावल्या तरी घरात येतं आणि कपाटातल्या कागदांना ओल धरते. म्हणून धुकं विरलं की रेव्ह आपले कागद उन्हाला काढत. युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, लायब्ररीतल्या एक बाई एकदा हा प्रकार बघून रडायच्या बेतात आल्या होत्या. रेव्हनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की ही प्रवचनं मोकळ्या हवेसाठीच लिहिलेली आहेत.

वारा सुटला की दोरी सावकाश फिरायची. मी पायरीवर चहा घेऊन बसायचे आणि समोरून जाणाऱ्या कागदावरच्या दोन ओळी वाचेपर्यंत पुढचा कागद यायचा. दुष्काळावरची दोन वाक्यं, मग शाळांवरची दोन, मग क्षमेवरचं अर्धं. अजूनही कधी झोप लागता लागता ते कागद माझ्यासमोरून फिरत जातात.

रेव्ह म्हणजे रेव्हरंड. सगळं गाव त्यांना एवढंच म्हणायचं आणि मीही तेच म्हणू लागले. चौऱ्याऐंशी वर्षांचे निवृत्त पाद्री, उंच, किंचित वाकलेले, गळ्यात टाय आणि त्यावर मळका ड्रेसिंग गाऊन. मी पुण्याहून तिथल्या युनीत शिकायला गेले होते, पुढे कायम राहण्याचा पीआर मिळाला आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. त्यांच्या घरामागच्या एका खोलीच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये मी राहत होते. करोना आला, दारं बंद झाली, आणि नुसत्या भाडेकरूची मी बघता बघता त्यांची एकमेव श्रोता झाले.

दोरीवरचे कागद ज्याचे, त्याला रेव्ह ‘म्हातारा’ म्हणत. तो वसाहतीच्या काळातला पाद्री. गावातलं ते छोटं लाकडी चर्च त्याने बांधलं आणि पन्नाशीतच वारला. म्हणजे रेव्ह त्याच्याहून तीस वर्षांनी मोठे, पण म्हातारा तोच. त्याच्यावर ते चाळीस वर्षं पुस्तक लिहीत होते. मी एकदा विचारलं, किती राहिलंय? ते म्हणाले, एकच प्रकरण. जोनने नंतर मला सांगितलं की हे एकच प्रकरण वीस वर्षांपासून राहिलेलं आहे. जोन ही चर्चची सेक्रेटरी. सत्तरीची, काटक, फटकळ. रेव्हची बायको आजारी पडली तेव्हा शेवटचं वर्षभर तिचं सगळं जोननेच केलं होतं, त्यामुळे रेव्हना तोंडावर बोलायचा हक्क गावात तिच्याइतका कुणालाच नव्हता.

म्हाताऱ्याच्या गोष्टी मात्र मी रोज ऐकल्या. मोठा दुष्काळ पडला आणि सगळ्या चर्चमधून पावसासाठी प्रार्थना सुरू झाल्या, तेव्हा याने प्रार्थना करायला नकार दिला आणि लोकांना फावडी घेऊन तळं खणायला नेलं. सरकारी शाळांत कुठल्याच पंथाचा धर्म शिकवू नये म्हणून तो वर्तमानपत्रांत भांडला. पुढे शाळांचा कायदा झाला त्यात म्हाताऱ्याचाही हात होता, असं रेव्हचं ठाम मत. संपावरच्या मजुरांना कुणी जागा देईना तेव्हा त्याने चर्चचा हॉल उघडून दिला, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मालकांनाही दिला, कारण दार दोघांनाही सारखंच असायला हवं. वरिष्ठांनी त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला. चर्चच्या भिंतीवर त्याने सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं होतं की इथे कुणाच्याही विवेकावर सक्ती होणार नाही. सोनं आता उडालंय, अक्षरं वाचता येतात.

आणि त्याने एक खुर्ची ठेवली. चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला, साधी, हात नसलेली. प्रवचन संपलं की ज्याला ते पटलं नसेल त्याने उठून त्या खुर्चीत बसायचं आणि बोलायचं. शेजारी वाळूचं घड्याळ, दहा मिनिटांचं. तोवर प्रवचनकाराने गप्प बसायचं. उत्तर त्या दिवशी द्यायचं नाही. आठवडाभर विचार करायचा आणि पुढच्या रविवारी द्यायचं. इतकी वर्षं तो रिवाज चालत आलेला होता, आणि मला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

चर्चला कुलूप लागल्यावर रेव्हनी ती खुर्ची आणि घड्याळ घरी आणून मागच्या व्हरांड्यात ठेवली. पहिल्या रविवारी मला बोलावलं आणि त्या खुर्चीकडे हात केला. आता, आपल्याकडे घरच्या वडीलधाऱ्या माणसाने वेगळी काढून ठेवलेली खुर्ची दाखवली तर आपण काय समजणार? पाहुणी म्हणून मान दिलाय, असंच मला वाटलं. मी शिरा करून नेला होता. दोन मीटरांवर ती ताटली ठेवली, खुर्चीत बसले, अख्खं प्रवचन मान डोलावत ऐकलं. मग त्यांनी घड्याळ उलटं केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी हसले. ते बघत राहिले. मी म्हटलं, फार छान होतं. वाळू पडत होती. मला वाटलं ही ध्यानाची वेळ असावी, म्हणून मी डोळे मिटले.

नियम कळल्यावर मला शरमेने कुठे लपू असं झालं. पण कळूनही काही फरक पडला नाही. पुढचे कित्येक रविवार मी त्या खुर्चीत बसून प्रवचन पटलं म्हणूनच सांगितलं. रेव्हना त्याचा खरोखर त्रास व्हायचा. एकदा शिऱ्याचा चमचा खाली ठेवून ते म्हणाले, “या खुर्चीत बसून हो म्हणणारी तू दीडशे वर्षांत पहिली असशील, मेट.”

माझा इलाज नव्हता. आमच्या घरात बाबांचं बोलणं म्हणजे शेवटचं बोलणं. ते चिंचवडच्या कारखान्यात फोरमन होते आणि घरीही फोरमनच राहिले. पटलं नाही तर आई भांडी आपटायची, दादा बाहेर निघून जायचा आणि मी ‘बरं बाबा’ म्हणायचे. हो म्हणायचं आणि मनातलं मनात ठेवायचं, यालाच मी चांगलं वागणं समजत आले होते.

त्या घड्याळाची आणखी एक गंमत होती. त्याच्या जोडावरचं मेण सुकलेलं, त्यामुळे धुक्याच्या दिवसांत आत दमट हवा शिरायची आणि वाळू मध्येच अडकायची. मग टिचकी मारावी लागे. टिचकी मारायचा अधिकार प्रवचनकाराचा. बोलणारा कंटाळवाणा असेल तर रेव्ह लगेच टिचकी मारत. चांगलं बोलत असेल तर वाळू अडकलेली त्यांना दिसतच नसे. दमट हवेत मतभेद लांबतो, असं ते म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात साठीपुढच्यांना लस मिळायला लागली. बाबांना फोन केला. ते म्हणाले, “तिथे तोबा गर्दी आहे. ओसरू दे, मग बघू.” मी लॅबमध्ये काम करत होते. रोज त्याच आजाराच्या नळ्या हाताळत होते. मला सगळं ठाऊक होतं. आणि मी म्हटलं, “बरं बाबा.”

एप्रिलच्या शेवटी बाबा गेले. इकडून जायला परवानगी मिळेना आणि गेलं असतं तर परतायला विमान नव्हतं. दादाने स्मशानातून फोन धरला, तेवढं मी पाहिलं. ते दिवस मला नीट आठवतही नाहीत. आठवतं ते एवढंच की बाहेर आठवडाभर धुकं होतं, रेव्ह रोज सकाळी माझ्या पायरीवर टोस्ट आणि एक लिंबू ठेवून जायचे, आणि त्या रविवारी त्यांनी दोरीवर एकही कागद घातला नाही. लिंबू का, हे मी कधीच विचारलं नाही.

तोवर चर्च पुन्हा उघडलं होतं, अंतर ठेवून वीस-पंचवीस माणसं बसत. खुर्ची परत तिच्या जागी गेली. चर्चला स्वतःचा पाद्री नव्हता, म्हणून प्रवचन रेव्हच करत. त्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, आरोग्य खात्याकडून विचारणा आली की लसीकरणासाठी तुमचा हॉल मिळेल का. गावात आधीच दोन तट पडले होते. चर्चच्या कमिटीतही समसमान दोन तट पडले आणि निकालाचं मत रेव्हच्या हाती आलं. जोन विरोधात होती. ती काही माथेफिरू नव्हती. ती शांतपणे भिंतीकडे बोट दाखवायची आणि म्हणायची की नोकरी जाईल अशी भीती घालून टोचायचं ही सक्तीच आहे, आणि या छताखाली सक्तीला जागा नाही असं म्हाताऱ्यानेच लिहून ठेवलंय. आणि चाळीस वर्षं रेव्हनीच ती ओळ सगळ्यांना शिकवली होती.

ते मतही देईनात आणि स्वतः लसही घेईनात. मी टोचून घेतलं की मत दिल्यासारखंच होईल, म्हणायचे. चौऱ्याऐंशी वय, छातीत घरघर. क्वीन्सलँडची, म्हणजे आमच्या राज्याची, बंद ठेवलेली सीमा आज ना उद्या उघडणार होती आणि उघडली की काय येणार ते लॅबमध्ये आम्ही सगळेच जाणून होतो. एका आर्व्हला, म्हणजे दुपारी, मी व्हरांड्यातून त्यांना विचारलं, कधी घेताय? ते दोरीवरचे कागद काढत होते. म्हणाले, “जरा निवळू दे, मग बघू.”

माझ्या तोंडात ‘बरं’ आलं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. मी आत गेले आणि दार लावून रडले.

त्या रविवारी रेव्हनी म्हाताऱ्याचं विवेकावरचं प्रवचन वाचलं. खिडक्यांबाहेर दाट धुकं, आत मास्क लावलेली माणसं. ते संपलं आणि मी उठले. मी खुर्चीत बसले तेव्हा मी पुन्हा छान म्हणणार असं रेव्हना वाटलं असावं, कारण त्यांनी घड्याळ जरा थकूनच उलटं केलं.

मी म्हटलं, “मला हे पटलेलं नाही. माझ्या वडिलांनी गर्दी ओसरू दे म्हटलं आणि मी बरं म्हटलं. मला माहीत होतं की ते चुकतायत, तरी मी बरं म्हटलं. कारण ते मोठे होते आणि त्यांचा निर्णय त्यांचा होता. आता तुम्ही तेच म्हणताय. रेव्ह, मी तुम्हाला बरं म्हणणार नाही. तुम्ही चुकताय. तुमच्या म्हाताऱ्याला काय वाटलं असतं त्याच्याशी मला घेणं नाही, तुम्ही मरू नये असं मला वाटतं.”

मग मी आणखीही बोलले, लॅबबद्दल, त्या नळ्यांवर लिहिलेल्या नावांबद्दल, बाबांच्या चपला अजून दारात आहेत असं आई सांगते त्याबद्दल. खूप वेळ बोलले असेन. बोलणं संपल्यावर माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. वरच्या भागात निम्मी वाळू तशीच होती. ती केव्हाच अडकली होती आणि रेव्हचा हात गाऊनच्या खिशातून बाहेर आला नव्हता.

उत्तर पुढच्या रविवारी. नियम म्हणजे नियम, म्हणून तो आठवडाभर रेव्ह माझ्याशी बोललेच नाहीत. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा होता तेही चिठ्ठी लिहून कळवलं. गुरुवारी दोरीवर मी कधी न पाहिलेले कागद दिसले, छोटे, काळपट कडांचे. मी वाचायला गेले तर ते नुसत्या नावांचे होते. नाव, वय, नाव, वय. दोरी फिरत होती आणि मी तिथे उभी होते. मला वाटलं लॅबमधलीच यादी कुणीतरी जुन्या अक्षरात लिहून इथे टांगली आहे.

रविवारी रेव्ह प्रवचनाच्या जागी उभे राहिले नाहीत. ते आले आणि सरळ त्या खुर्चीत बसले. खिशातून तेच कागद काढले आणि म्हणाले, “आज मी म्हाताऱ्याच्या विरुद्ध बोलणार आहे.”

पुस्तकाचं राहिलेलं प्रकरण ते होतं. एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. डॉक्टरने म्हाताऱ्याला विनवलं की चर्च बंद कर आणि हॉल आजाऱ्यांसाठी दे. म्हाताऱ्याने सांगितलं, दार उघडं राहील, यायचं की नाही ते ज्याचं त्याने विवेकाने ठरवावं. लोक येत राहिले. ती दफनांची नोंद त्याच्याच हातची होती, आणि त्यात शेवटून तिसरं नाव त्याच्या धाकट्या मुलीचं होतं, वय सहा. रेव्हना हे कागद वीस वर्षांपूर्वी सापडले होते. त्यांनी ते बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि प्रकरण राहिलंय असं सांगत राहिले. म्हणाले, मी ज्याच्यावर प्रेम केलं त्याची एवढी एक गोष्ट मी झाकली. त्याने सगळ्यांना नाही म्हणायला खुर्ची दिली आणि मी मात्र त्याला कधी नाही म्हटलं नाही. मग त्यांनी हेही सांगितलं की ज्यांच्या जमिनीवर हे चर्च उभं आहे त्या मूळच्या लोकांबद्दल म्हाताऱ्याच्या हजार कागदांत एक ओळ नाही, आणि तेही पुस्तकात यायला हवं.

शेवटी ते जोनकडे वळले. म्हणाले, तुझ्यावर कुणी सक्ती करणार नाही, करू लागलं तर मी दारात उभा राहीन. पण हॉल द्यायचा, असं माझं मत आहे.

लसीकरणाच्या दिवशी रांगेत पहिले रेव्ह होते, गाऊनची बाही वर करून. जोनने स्वतः लस घेतली नाही, शेवटपर्यंत नाही, पण त्या दिवशी बाहेर कापराच्या झाडाखाली टेबल मांडून तिने रांगेतल्या सगळ्यांना लोणी लावलेले स्कोन आणि चहा दिला. माझ्या हातात कप देताना म्हणाली की तुझं बोलणं मला पटलं नाही, पण बोललीस ते बरं केलंस.

लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवत. रेव्ह आणि मी मध्ये एक खुर्ची सोडून बसलो होतो. ऊन कोवळं होतं, दारातून लाल मातीचा वास येत होता. त्यांनी दंडावरचा कापूस चाचपत मला म्हटलं, “तू वडिलांशी बोलली असतीस ना, तर त्यांनी तुझं ऐकलं असतं.”

ते मला दिलासा देऊ पाहत होते. मी म्हटलं, बरं.

पुढच्या वर्षी मला सिडनीजवळ पॅरामॅटाला नोकरी मिळाली आणि मी केलीव्हिलला राहायला गेले. चारी बाजूंना आपली माणसं, शनिवारी कुणाकडे तरी जेवण, मुलं इंग्लिशमधून उत्तरं देणारी. धुकं नाही. रेव्ह पत्रं लिहायचे, कागद दमट असायचे. पुस्तक पुरं झाल्याचं त्यांनी एका पत्रात कळवलं आणि महिन्याभरात जोनचा फोन आला. व्हरांड्यात बसल्या बसल्या गेले होते. दोरीवर कागद होते, ते तिने आत घेतले म्हणाली.

मी गेले. चर्च भरलं होतं. मास्क आता दोघा-तिघांनाच होते. एकामागून एक लोक उठून बोलले, सगळे चांगलंच बोलले आणि खरं बोलले. संपल्यावर जोनने नेहमीसारखं घड्याळ उलटं केलं. कुणी उठेना. मेलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार?

मी जाऊन खुर्चीत बसले आणि शवपेटीकडे बघून म्हटलं, “रेव्ह, तुम्ही मला सांगितलं होतंत की मी बोलले असते तर बाबांनी ऐकलं असतं. मी तेव्हा बरं म्हटलं. ते मला पटलं नव्हतं. बाबांनी ऐकलं नसतं. मी त्यांना ओळखते. त्यांनी फोन ठेवला असता. तरी मी बोलायला हवं होतं.”

एवढंच. वाळू पडत राहिली आणि मी तिथेच बसून राहिले. बाबांसाठी मी जे रडायचं ठेवलं होतं ते त्या खुर्चीत रडले.

बाहेर आल्यावर माझं विमान दुसऱ्या दिवशी असल्याचं मी जोनला सांगितलं. तिने भुवया वर केल्या. म्हणाली, “असं कसं? उत्तर पुढच्या रविवारी असतं.”

मी विचारलं, देणार कोण?

“ते मला ठाऊक नाही,” जोन म्हणाली. “पण विचारणाऱ्याला हजर असावं लागतं.”

मी पॅरामॅटाला बॉसला फोन केला आणि आठवडा मागून घेतला. तो नो वरीज म्हणाला. रविवारी धुकं इतकं होतं की चर्च चार पावलांवर येईपर्यंत दिसलं नाही. आत आम्ही नऊ-दहा जण असू. प्रवचनाची जागा रिकामी होती. जोन पुढे गेली, घड्याळ उलटं करून खुर्चीशेजारी ठेवलं आणि माझ्या बाजूला येऊन बसली. बाहेर झाडावरून थेंब पडत होते. वाळू थोडी पडली आणि मध्येच अडकली.

मी जोनकडे पाहिलं. ती समोर बघत होती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि टिचकी मारायला काही ती उठली नाही.